पानावरचं पांढरं

(मंडळाच्या मासिक सभेत झालेलं भाषण)



चिटणीसबाईंनी मला बागेवर बोलायला सांगितलं तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटलं. मी काही शेतकी शिकलेली नाही. पुण्यात घरापुढे चार हात जागा, तीत आठ-दहा झुडपं आणि गच्चीवर कुंड्या, एवढाच माझा बगीचा. पण त्या म्हणाल्या, "जगवलेल्या झाडांचं नको, मारलेल्याचं सांगा." हे मात्र मला पटलं. कारण ज्या झाडाविषयी मी आज बोलणार आहे ते मी माझ्या हातांनी मारलेलं आहे, आणि ज्यांच्याशी त्या झाडावरून मी पाच-सहा महिने अबोला धरला होता, त्या वहिनी इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे. नाहीतर घरी जाताना रिक्षात माझी धडगत नाही.

विषय तसा लहानच आहे. पानावर पांढरं येतं. गुलाबावर येतं, जास्वंदीवर येतं, तुळशीवर येतं, अनंतावर येतं. आपण म्हणतो, "रोग पडला." मग कोणी राख टाकतं, कोणी ताक शिंपडतं, कोणी दुकानातून बाटली आणतं. पण पांढरं म्हणजे काय, हे कोणी पाहात नाही. आपल्या स्वयंपाकघरात मीठ पांढरं, साखर पांढरी, खाण्याचा सोडा पांढरा आणि तांदळाची पिठीही पांढरी. नुसत्या रंगावरून आपण त्यातलं काही आमटीत घालू का? चव घेऊन बघतो, चिमटीत धरून बघतो. झाडाच्या बाबतीत मात्र आपली ती अक्कल कुठे जाते कोण जाणे. माझी तरी गेली होती.

माझ्या सासूबाईंची एक जास्वंद होती. तांबडी, एकेरी, गावरान. त्या लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा माहेराहून फांदी आणून त्यांनी ती लावलेली. पुढे त्यांची दृष्टी काचबिंदूने गेली. तरी रोज सकाळी त्या भिंतीला धरून धरून जास्वंदीपाशी जायच्या आणि हाताने चाचपून कळ्या मोजायच्या. "आज अकरा आहेत गं," म्हणून मला सांगायच्या. मी मोजल्या तर अकराच निघायच्या.

2017 सालच्या मार्चमध्ये त्या जास्वंदीवर पांढरं दिसू लागलं. त्याच सुमारास पलीकडच्या वहिनींच्या घराला बाहेरून गिलावा चालला होता. सिमेंटची धूळ उडत होतीच. माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर बसत होती, खिडकीच्या गजांवर बसत होती. मी ठरवूनच टाकलं की झाडावर बसलं आहे ते हेच. तावातावाने कुंपणापाशी गेले आणि वहिनींना नको नको ते बोलले. त्याही काही गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. झालं, त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता सांगते, मी तेव्हा काय बघायला हवं होतं. धूळ वरून पडते, म्हणून ती पानाच्या वरच्या अंगावर बसते. म्हाताऱ्या पानांवर जास्त, कोवळ्यांवर कमी, कारण जुनी पानं अधिक दिवस उघड्यावर असतात. ती एकाच झाडाला निवडत नाही. शेजारच्या तगरीवर, कुंडीच्या काठावर, पायरीवर सगळीकडे सारखी बसते. ओलं फडकं फिरवलं की पान खाली हिरवंगार असतं. माझ्या जास्वंदीचं पांढरं कुठे होतं? शेंड्यात, पानांच्या बेचक्यात, कळीच्या देठापाशी, पानाच्या खालच्या अंगाला. शेजारची तगर स्वच्छ. शेंड्याची पानं आखडून मुठीसारखी झाली होती आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. कारण भांडण आधी ठरलं होतं आणि पुरावा मागाहून शोधायचा होता.

धुळीने झाड मरत नाही, हे मला तरी कळत होतं. म्हणून पाणी मारून धुतलं. चार दिवसांत पांढरं पुन्हा. तेव्हा कोणीतरी सांगितलं, "अहो, ही भुरी आहे. गंधक मारा." झालं, मी गंधक आणलं.

भुरीविषयी इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्यापैकी निम्म्याजणींच्या गुलाबाला ती होते. भुरी म्हणजे बुरशी. पानावर तांदळाची पिठी भुरभुरावी तशी ती दिसते. प्रथम कोवळ्या पानांवर लहान लहान गोल डाग, मग ते एकमेकांत मिसळतात. पान वेडंवाकडं होतं, कधी लालसर छटा धरतं, आणि कळीच्या मानेवर भुरी आली की कळी उमलतच नाही. बोट फिरवलं की बोटाला पिठासारखी लागते. चिकट नसते, लोकरीसारखी नसते, आणि भिंगातून पाहिलं तर त्यात कुठे पाय हलताना दिसत नाहीत. ही बुरशी पानाच्या वर पसरते आणि आत बारीक मुळासारखे धागे घालून रस शोषते.

तिची एक गंमत आहे. बाकीच्या बहुतेक बुरश्यांना पान ओलं लागतं. हिला लागत नाही. हवेत दमटपणा पुरतो. दिवस कोरडे उबदार आणि रात्री गार, असे दिवस हिला मानवतात. म्हणून आपल्याकडे भर पावसाळ्यात ती दबून असते आणि दिवाळी उलटून थंडी पडली की गुलाबावर, झिनियावर, डेलियावर उभी राहते. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक झाडाची भुरी निराळी. गुलाबाची भुरी आंब्याच्या मोहोरावर जात नाही, आणि नाशिककडच्या द्राक्षांची भुरी तुमच्या गुलाबावर येत नाही. तेव्हा शेजारणीच्या झिनियामुळे आमचा गुलाब गेला, असं कोणी म्हणू नये. (इथे वहिनी हसताहेत.)

भुरीवर गंधक हा जुना आणि खरा उपाय. 1845 साली इंग्लंडात मार्गेट या गावी टकर नावाच्या एका माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलींवर ही पांढरी पिठी दिसली आणि त्याने गंधक व चुना मिसळून ती आवरली. पुढे काही वर्षांत हीच भुरी फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत शिरली, तिने तिथली पिकं बुडवली, आणि गंधकानेच ती काबूत आली. आजही आपले द्राक्षबागाईतदार गंधक वापरतात. आपल्यासाठी पाण्यात मिसळणारं ऐंशी टक्क्यांचं गंधक मिळतं. ते लिटरला 2 ग्रॅम पुरे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पानाच्या दोन्ही अंगांना मारायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. मात्र पारा 32–35 अंशांच्या वर चढणार असेल तर गंधकाला हात लावू नये. पानं भाजतात. आणि तेलाची फवारणी केलेली असेल तर तिच्या आगेमागे दोन आठवडे गंधक नको.

गंधक नको असेल तर दूध आहे. हसू नका. ब्राझीलमध्ये वाग्नर बेटियोल नावाच्या शास्त्रज्ञांनी भोपळ्याच्या जातीतल्या एका वेलावरच्या भुरीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारून पाहिलं आणि 1999 साली त्याचे निष्कर्ष छापले. दहा भागांत एक भाग दूध, म्हणजे एक वाटी दूध आणि नऊ वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा. भुरी चांगली आटोक्यात राहिली. मी गुलाबावर करते. सकाळी उन्हात फवारायचं. दूध जास्त घातलंत तर वास येतो आणि वर दुसरीच बुरशी बसते, तेव्हा हात आखडता ठेवा. खाण्याचा सोडाही चालतो, पण लिटरला सपाट चमचाभरच, आणि सुरुवातीलाच. भुरी सगळीकडे पसरल्यावर नव्हे. वरचेवर टाकला तर मातीत क्षार साचतो आणि पानांच्या कडा जळतात.

पण या सगळ्याच्या आधी कात्री. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करताना मधल्या गर्दीच्या काड्या काढून टाका, म्हणजे आत वारा खेळेल. भुरी आलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका. आणि झाड अशक्त दिसतं म्हणून मूठभर युरिया घालू नका. त्याने लुसलुशीत पालवी फुटते आणि भुरीला तीच हवी असते. गुलाबाची पानं पाण्याने धुतली तर भुरी कमी होते हे खरं, पण संध्याकाळी धुऊन पानं रात्रभर ओली राहिली तर काळे ठिपके पडतात, तो रोग वेगळा. म्हणून धुवायचं तर सकाळी, पानं तासाभरात वाळतील अशा बेताने.

तर, अशी ही भुरी. आणि माझ्या जास्वंदीला ती झालेलीच नव्हती.

एप्रिलचा महिना, पारा 38 च्या पुढे, आणि मी दुपारी अकरा वाजता पदर खोचून जास्वंदीला गंधक मारलं. तेही लिटरला दोन चमचे, कारण रोग जास्त तर औषध जास्त, असा माझा हिशेब. तिसऱ्या दिवशी अर्धी पानं कडांपासून तपकिरी होऊन गळाली. पांढरं मात्र होतं तिथेच. होणारच, ते बुरशीचं औषध, आणि माझ्या झाडावर होते किडे.

मग मी आणखी एक चूक केली. एका दुकानातून, नाव लिहिलेलं नसलेल्या बाटलीतून, त्या माणसाने काढून दिलेलं कसलंसं जहाल औषध आणलं. "हे मारा, एक किडा राहणार नाही." तीन दिवस खरंच राहिला नाही. मग तीन आठवड्यांनी पूर्वीच्या दुप्पट. सबंध मे महिना हे चाललं. सासूबाई रोज सकाळी चाचपायच्या, एक दिवस बोटं हुंगून म्हणाल्या, "अगं, झाडाला कसला वास येतोय? मी हा हात तोंडाला लावू का?" माझ्या पोटात धस्स झालं. ज्या झाडाला त्या रोज हात लावतात, ज्याची फुलं देवाला जातात, त्याच्यावर मी काय ओतत होते हे मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी बाटली बंद केली. पण झाड तोवर संपलं होतं. जूनच्या पहिल्या पावसात सगळ्या झाडांना पालवी आली. जास्वंदीची फांदी मोडली तर आतून कोरडी, लाकडासारखी.

तेव्हा भगिनींनो, औषध विकत घ्यायचंच असेल तर सीलबंद डब्यातलं घ्या आणि डब्यावरचा त्रिकोण बघा. आपल्या देशात कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत खूण असते: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, म्हणजे ज्यांची पानं पोटात जातात त्यांच्यावर यांतलं काहीच नको. आमच्या आधीच्या पिढीत तंबाखूचा काढा करून मारीत. तोही नको; तंबाखूतलं निकोटिन आपल्यालाही विषच.

हरितालिकेच्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "उद्या गणपतीला आपल्या जास्वंदीची फुलं हवीत." मी म्हटलं, "आई, ती गेली ना." त्या म्हणाल्या, "गेली कुठे? पलीकडे आहे की. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा मीच तिला फांदी दिली होती." मला हे ठाऊकच नव्हतं. बारा पावलांचं अंतर, पण तेवढं चालायला मला दुपार झाली. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन गेले. वहिनींनी दार उघडलं, कुंकू लावून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "फुलं सकाळी ताजी घेऊन जा. कळ्या आत्ता तोडल्या तर कोमेजतील."

दुसऱ्या दिवशी फुलं घ्यायला गेले तर पडवीच्या वळचणीखाली, जिथे पाऊस लागत नाही तिथे, ती जास्वंद. आणि तिच्यावरही तेच पांढरं! गिलाव्याचं काम तर एप्रिलातच संपलेलं. मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. त्या म्हणाल्या, "हे मला मार्चपासून आहे. मी आपली नळीने पाणी मारते झालं. तुमच्यासारखी औषधं आणायला मला कुठला वेळ?"

वहिनींचे एक नातेवाईक शेतकीच्या कॉलेजात शिकवीत. ते त्या दिवसांत गणपतीच्या दर्शनाला आले होते. मी आपली उत्साहाने फडकं घेऊन वहिनींच्या झाडावरचं पांढरं पुसायला निघाले. विशेषतः काही मोठे, झिपऱ्या झिपऱ्या असलेले पांढरे किडे भराभर चालत होते, ते आधी चिरडावेत म्हणून हात पुढे केला. ते गृहस्थ ओरडलेच, "थांबा! ते तुमचे पाहुणे नाहीत, पहारेकरी आहेत."

मग त्यांनी भिंग देऊन सगळं दाखवलं. झाडावरची कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. हल्ली रोपवाटिकेत याला मिलीबग म्हणतात. मादी मऊ, लंबगोल, अंगावर मेणाची पिठी. तिला पंख नसतात, ती फारशी हलत नाही. चिरडली तर गुलाबी डाग पडतो, म्हणून या जातीला गुलाबी पिठ्या ढेकूण म्हणतात. ती कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते, आणि उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार. तिच्या लाळेने पानं आखडून मुठीसारखी होतात. ही जास्वंदीवरची अगदी ठळक खूण. 1994 मध्ये हीच कीड वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचली आणि तिथल्या जास्वंदी, फळझाडं आणि रानातली झाडंसुद्धा तिने वाळवली. तेव्हा माझ्या एका झाडाचं काय घेऊन बसलात.

आणि ते झिपरे किडे? ते एका ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची पिल्लं. त्याचं नाव मोठं आहे, क्रिप्टोलीमस. मोठा झालेला ढालकिडा ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट, डोकं नारिंगी. हा आपल्या देशात 1898 साली कॉफीच्या झाडांवरची कीड मारण्यासाठी मुद्दाम आणला गेला आणि इथलाच होऊन राहिला. तो पिठ्या ढेकूण खातो आणि त्याची पिल्लंही खातात. पण पिल्लाचं सोंग असं बेमालूम की ते स्वतःच पिठ्या ढेकणासारखं दिसतं. फरक लक्षात ठेवा: ढेकूण लहान, अंगावरची पिठी बेताची, आणि एका जागी चिकटलेला, ढालकिड्याचं पिल्लू वाढलं की त्याच्या दुपटी-तिपटीने मोठं, पांढऱ्या मेणाच्या लांब लांब झुरमुळ्यांचं, आणि फिरतं. माझ्या जहाल औषधाने आधी मेले असणार ते हेच. ढेकणांची अंडी पिशवीत सुरक्षित राहिली आणि खाणारं कोणी उरलं नाही. वहिनींनी आळसाने जे केलं नाही त्यानेच त्यांचं झाड वाचलं. हे त्यांच्या तोंडावर सांगायला मला फार जड जातं, पण खरं आहे.

पिठ्या ढेकणासाठी आता मी काय करते ते सांगते. पहिलं काम मुंग्यांचं. ढेकूण गोड चिकट पाणी टाकतो, ते मुंग्यांना हवं असतं. त्यापायी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. त्याच गोड पाण्यावर मग काजळी चढते, तेव्हा पांढऱ्याखाली काळं दिसलं तर घाबरू नये. कुंडी असेल तर आपण पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत असू ना, तसं करायचं: कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या परातीत. दर दोन दिवसांनी ते पाणी बदला, नाहीतर डास. जमिनीतल्या झाडाला एकच खोड असेल तर चिंधी गुंडाळून तिच्यावर वंगण लावावं. वंगण सालीला लावायचं नाही. झाडाची फांदी भिंतीला टेकत असेल तर ती कापा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात.

दुसरं, आखडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचे. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फेकायचे नाहीत, खतातही नाहीत. तिथून ते चालत परत येतात. कात्री पुसायची. त्या झाडापाशी काम करून दुसऱ्या झाडापाशी जाताना हात आणि पदर झटकायचा, कारण बारीक पिल्लं कपड्यांवरूनही जातात.

तिसरं, पाण्याची जोरदार धार, पानांच्या खालून. मग साबण. तेलापासून केलेला साधा धुण्याचा साबण किसून लिटरला 5 ग्रॅम. हल्लीची धुण्याची पावडर नव्हे, तिने पानं करपतात. ढेकणाच्या अंगावर मेण असल्यामुळे नुसतं पाणी घसरून जातं, साबणाने ते भिजतात. विंधण विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्या. यातच कडुनिंबाचं तेल 5 मिलिलिटर घातलं तर आणखी चांगलं. संध्याकाळी फवारायचं, आणि आधी दोन पानांवर करून दोन दिवस वाट बघायची. ढालकिडे दिसत असतील त्या फांद्या सोडून द्यायच्या. दर आठ दिवसांनी, तीन-चार वेळा तरी, कारण पिशवीतली अंडी पहिल्या फवाऱ्याने मरत नाहीत. एकदा करून "उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्या बायका मला फार भेटतात. कुंडीतल्या चार-सहा ढेकणांसाठी एवढंही नको. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपलं की झालं. तुळशीला मी फक्त पाणी मारते आणि बोटाने पुसते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की ढेकणाला लपायला जागा कमी होते.

इथे एक चांगली बातमीही सांगते. 2008 साली आपल्या देशात कोइमतूरकडे पपईवरचा एक निराळा पिठ्या ढेकूण शिरला. पपई, तुती, जास्वंद, सगळ्यांवर पसरला. फवारून फवारून शेतकरी थकले. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी आणून सोडली. ती ढेकणाच्या पोटात अंडं घालते. काही महिन्यांत चित्र पालटलं.

पेरूच्या पानाखाली पांढऱ्या रेषांची वेटोळी दिसली, जणू कोणी रांगोळीचा हात फिरवला आहे, तर ती पांढरी माशी. ही 1993 च्या सुमारास केरळातून आपल्याकडे आली. फांदी हलवली की पांढरे कण उडतात. तिलाही धार आणि साबण, खालच्या अंगाने, आणि जुनी भरलेली पानं काढून टाकणं. लिंबाच्या पानावर वेडीवाकडी चंदेरी रेघ दिसते ती मुळी पानाच्या आत असते, पुसून जाणार नाही, ती नागअळी. ते पान खुडायचं.

राहिला अनंत. गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासद भगिनींनी रात्री साडेनऊला फोन करून सांगितलं की अनंताच्या सगळ्या पानांवर पांढरे ठिपके पडलेत, आता काय मारू? मी विचारलं, "पाणी कुठलं?" तर टँकरचं. "झारीने वरून घालता?" हो. "पाणी तापवायच्या पातेल्याला आत काय चढतं?" त्या गप्प. मग म्हणाल्या, "अगंबाई, तेच की!" जड पाणी पानावर वाळलं की क्षार मागे राहतो. ठिपका कडक असतो, नखाने खरवडला की पापुद्रा निघतो, आणि लिंबाच्या फोडीने घासला तर बारीक बुडबुडे येऊन विरघळतो. त्याला औषध नाही, कारण तो रोग नाही. ओल्या फडक्याने पानं पुसायची आणि पाणी मुळाशी घालायचं. अनंताला असं पाणी मातीतही सोसत नाही, पानं पिवळी पडतात; त्याच्यासाठी पावसाचं पाणी दोन पिंपं भरून ठेवलं तर तो दुवा देतो.

सासूबाईंची जास्वंद आता पुन्हा आमच्या दारात आहे. वहिनींनी त्याच सप्टेंबरात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी कापून दिली. दिली तशी मी ती लावली नाही. आधी साबणाच्या पाण्यात बुडवली, धुतली, आणि महिनाभर बाकीच्या झाडांपासून दूर कुंडीत ठेवली. वहिनींना त्याचा जरा राग आला, पण भिंगातून दोन ढेकूण दाखवल्यावर गेला. पहिलं फूल 2018 च्या मे महिन्यात आलं. सासूबाईंना हाताला धरून नेलं. त्यांनी पाकळ्या चाचपल्या, देठ चाचपला, मग पान उलटं करून खालून बोट फिरवलं आणि ते हुंगलं. म्हणाल्या, "आता हात तोंडाला लावायला हरकत नाही ना?"

पुढच्या सभेला ज्यांना पान दाखवायचं असेल त्यांनी ते आणावं. मी भिंग आणते. मात्र पान नुसतं हातात धरून नको, काचेच्या बाटलीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणा. आपल्या मंडळाच्या दारातली जास्वंद अजून स्वच्छ आहे, आणि कोयरी घेऊन आणखी कोणाच्या दारी जायला मला आता वेळ नाही.